प्रकल्प नोंदी : सव्वीस वेळा तेच पालुपद

१२ जानेवारी २०२५, रविवार

उपासनेनंतर चहाच्या कपावर ठरलं. यंदा पवित्र गुरुवारी, म्हणजे १७ एप्रिलला, प्रभुभोजन झाल्यावर बायबलातलं स्तोत्र १३६ गायचं. वाचायचं नाही, गायचं. मार्कच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनानंतर सगळे गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले असं आहे. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, रात्री यहुदी घरांत हल्लेल म्हणतात, म्हणजे ११३ ते ११८ ही स्तोत्रं, आणि पाठोपाठ १३६. त्याला तर 'मोठा हल्लेल' असंच नाव आहे. तेव्हा त्या संध्याकाळी हे स्तोत्र शोभेल.

माणसं : पेटीवर मामा, तबल्यावर त्यांचा पुतण्या, झांजा मावशींकडे, शब्द माझे. मराठी शिकवून निवृत्त झाले, त्यानंतर हिब्रू शिकायला बसले, म्हणून हे माझ्या गळ्यात. तपासणार पाळकसाहेब.

अडचण पहिल्याच दिवशी दिसली. स्तोत्रात २६ कडवी आणि प्रत्येक कडव्याचा उत्तरार्ध तोच : "त्याची दया सनातन आहे." वाचताना पाचव्या वेळेला लोक पुटपुटायला लागतात, दहाव्याला घड्याळ बघतात. गाताना काय होईल?

१९ जानेवारी, रविवार

ठाण्याच्या काकांना फोन केला. बेने इस्राएल, म्हणजे इथलेच मराठी बोलणारे यहुदी, वय ऐंशीच्या पुढे, मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. त्यांच्या लोकांसाठी मराठी अनुवादासह हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) १८४६ सालीच मुंबईत छापली गेली होती. त्यामुळे "हिब्रूचं मराठी कसं करायचं" हा प्रश्न त्यांना नवा नाही.

विचारलं, तुमच्याकडे १३६ म्हणताना कंटाळा येत नाही का?

"अहो ताई, ती कंटाळायची जागाच नाही. वडील पुढची ओळ म्हणायचे आणि आम्ही पोरं नुसते ओरडायचो, की लेओलाम हसदो! भूक लागलेली असायची, म्हणून आणखी जोरात."

फोनवर त्यांनी ते हिब्रू पालुपद म्हणून दाखवलं. मी बोटांवर मोजलं : की-ले-ओ-लाम-हस-दो. सहा ठोके. आणि आमचं "त्याची दया सनातन आहे" दहा अक्षरांचं, शेवटी 'आहे'चा दगड बांधलेला. पालुपद ओरडता आलं पाहिजे. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज फक्त 'हसदो'वर बसले. मूळ शब्द हेसेद. जुन्या करारात तो जितक्या वेळा येतो त्यातले जवळपास निम्मे वेळा एकट्या स्तोत्रसंहितेत. आपल्या मराठी बायबलात बहुतेक 'दया', अधूनमधून 'वात्सल्य'.

दया हा शब्द वाईट नाही. पण आज मराठीत दया कुणावर करतात? ज्याचा आपल्यावर काही हक्क नाही त्याच्यावर. सिग्नलला काच खाली करून दहाची नोट दिली ती दया. हेसेद तसा नाही. तो नात्यातला शब्द आहे. शब्द दिला गेलाय, नातं बांधलं गेलंय, आणि आता समोरचा कितीही घसरला तरी बांधणारा आपली बाजू सोडत नाही, उलट ठरल्यापेक्षा जास्तच देतो. म्हणून हेसेदच्या जोडीला स्तोत्रांत सारखा एमेत किंवा एमूना येतो : खरेपणा, भरवसा. स्तोत्र ११७ अख्खं दोन कडव्यांचं, सगळ्यात छोटं, तरी त्यातही ही जोडी आहेच.

'करार' हा शब्दही असाच झिजलाय. हिब्रूतल्या 'बरीत'ला आपण करार म्हणतो, आणि करार म्हटलं की डोळ्यांपुढे येतो घरमालकाचा अकरा महिन्यांचा भाडेकरार. स्तोत्र १०५ म्हणतं, देव आपला करार हजार पिढ्या आठवतो. हजार पिढ्या आणि अकरा महिने! हिब्रूत करार 'करत' नाहीत, 'कापतात'. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात अब्राहामाने जनावरं मधोमध कापून समोरासमोर मांडली, आणि अंधार पडल्यावर त्या तुकड्यांमधून धुमसती भट्टी आणि जळती मशाल पुढे गेली. अब्राहाम मधून चाललाच नाही, तो गाढ झोपेत. एकाच बाजूने स्वतःला बांधून घेतलं. (आपल्याकडे लग्न ठरलं की सुपारी फोडतात. म्हणजे शब्द पक्का करताना काहीतरी दुभंगावं लागतं, हे आपल्यालाही अगदीच परकं नाही.)

९ फेब्रुवारी, रविवार

पर्यायांची यादी घेऊन पाळकसाहेबांकडे गेले. निष्ठा : माणसाची देवावर असते, उलटी ऐकू येत नाही. जिव्हाळा : गोड, पण बांधलेला नाही. कृपा : आमच्याकडे पौलाच्या पत्रांसाठी राखीव. ब्रीद : हा माझा लाडका. संत देवाला त्याच्या ब्रीदाची आठवण देऊन भांडतात, तू पतितपावन म्हणवतोस ना, मग ये. स्तोत्रकर्ते अगदी हेच करतात.

पाळकसाहेब बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, "बाई, अर्थ पटतो. पण ब्रीद म्हटलं की मंडळीतल्या निम्म्या लोकांना कोड्यात टाकाल, उरलेल्यांना पंढरपूरला न्याल."

मी ना. वा. टिळकांचा दाखला दिला. त्यांनी अभंगच्या अभंग ख्रिस्ताला वाहिले, तेव्हा कोण कुठे हरवलं? ते हसले, पण मान हलवली नाही. मावशींचं मत त्यांच्याहून कडक : "दया काढायची नाही. माझी आई दया म्हणत गेली."

ठीक. दया राहणार. मग तिच्या शेजारी कोण बसणार, एवढंच ठरवायचंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

एक चांगली गोष्ट हाती लागली. एमूना, आमेन, दोन्हीचा धातू एकच, आलेफ-मेम-नून : पक्कं असणं, टेकता येणं. आणि मराठीत आपण रोज वापरतो तो 'इमान' अरबीतून आलाय, त्याच सेमिटिक मुळाचा. 'अमानत'ही तिकडचाच. म्हणजे एमूनासाठी इमान हा प्रतिशब्द म्हणायचा की चुलतभाऊ? इतकी वर्षं आमेन म्हणतेय आणि इमान म्हणतेय, दोघांना एकत्र कधी बसवलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

पालुपद अडलंय म्हणून स्तोत्र ८९ काढलं. आज दुपारभर तेच, आणि रात्रीही.

करारावरचं सगळ्यात मोठं स्तोत्र हेच म्हणावं लागेल. कर्ता म्हणून एथान एज्राही याचं नाव. सुरुवातीलाच हेसेद गाईन, एमूना कळवीन असं म्हणतो आणि मग मोजून सात वेळा हेसेद, सात वेळा एमूना. दावीदाला दिलेल्या वचनाचा एकेक धागा उलगडतो : वंश टिकेल, सिंहासन टिकेल, मुलं चुकली तर काठीने मारीन पण हेसेद काढून घेणार नाही. साक्षीला वर चंद्र. ३७व्या कडव्यापर्यंत स्तोत्र पूर्ण झाल्यासारखं वाटतं. कुणीही इथे आमेन म्हणून पुस्तक मिटलं असतं.

पण ३८वं कडवं सुरू होतं 'पण तू'ने.

मी पुठ्ठ्यावर चार कडवी चिकटवली, जिथे 'बरीत' शब्द येतो ती. ३ : मी करार केला आहे. २८ : माझा करार पक्का राहील. ३४ : मी माझा करार मोडणार नाही. ३९ : तू करार झिडकारलास. ३४ आणि ३९ मध्ये पाच कडव्यांचं अंतर. बोलणारा आधी देव, नंतर माणूस. झिडकारणं हा मूळ क्रियापदाचा अर्थ. अख्ख्या जुन्या करारात ते आणखी एकदाच येतं, विलापगीतात, जिथे देव आपलंच पवित्रस्थान झिडकारतो. मुकुट धुळीत गेलाय, तटबंदी पडलीय, येणारेजाणारे लुटतायत. आणि ४९ला थेट सवाल : प्रभू, तुझे ते पूर्वीचे हेसेद कुठे आहेत? एमूनेची शपथ घेऊन दावीदाला दिलेले?

उत्तर नाही. स्तोत्र संपतं. ५२वं कडवं 'धन्यवादित असो, आमेन, आमेन' हे त्या स्तोत्राचं उत्तर नव्हे. स्तोत्रसंहितेच्या पाच भागांतला तिसरा भाग तिथे संपतो, त्याचा तो समारोप आहे. तक्रार उघडी ठेवूनच भाग बंद केलाय.

मला इतकी वर्षं वाटायचं की देवाच्या विश्वासूपणाची स्तोत्रं म्हणजे पोट भरल्यावर म्हणायची स्तोत्रं. एथानचं पोट भरलेलं नाही. तो उपाशीपोटी कागद पुढे करतोय : ही तुझी सही. दयेची भीक मागणाऱ्याला असं बोलता येत नाही. ज्याला शब्द दिलाय त्यालाच येतं. आणि ज्यांनी हे संकलन केलं त्यांनी हा कागद फाडला नाही, गायच्या पुस्तकात ठेवला.

२४ फेब्रुवारी

काल लिहायचं राहिलं. बायबलातल्या 'इतिहास' या दुसऱ्या पुस्तकात, १३व्या अध्यायात, दावीदाच्या याच कराराला 'मिठाचा करार' म्हटलंय. आणि मराठीत आपण म्हणतो मिठाला जागणं! आपल्याकडे चाकर धन्याच्या मिठाला जागतो. इथे शब्द देणारा धनी स्वतःच जागायला बांधला गेलाय.

जागणं. मिठाला जागणं, शब्दाला जागणं. वहीत तीनदा गिरवलं. झोप आली नाही, हे ओघानेच.

२ मार्च, रविवार

'जागणं' या एका शब्दात मराठीने दोन गोष्टी कोंबल्यात : झोपलेलं नसणं आणि शब्द पाळणं. स्तोत्रांत दोन्ही आहेत. १२१ म्हणतं, इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. आणि ४४ चक्क ओरडतं : प्रभू, ऊठ, का झोपलास? ४४चं म्हणणं एथानसारखंच : आमच्यावर हे सगळं आलं तरी आम्ही तुला विसरलो नाही, तुझ्या कराराशी बेइमान झालो नाही. आणि त्याचा शेवटचा शब्द कोणता? हसदेखा. तुझ्या हेसेदासाठी आम्हाला सोडव.

यावर यहुदी परंपरेत एक नोंद आहे ती मला फार आवडते. यरुशलेमच्या मंदिरात काही लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, रोज उभे राहून म्हणत, "ऊठ प्रभू, का झोपलास?" त्यांना नावच होतं 'उठवणारे'. पुढे महायाजक योहानानने ते बंद केलं. तल्मूद, यहुदी गुरूंच्या चर्चांचा जुना ग्रंथ, सांगतो, त्याचं म्हणणं असं की देवाला का झोप असते? आणि पुढे १२१व्या स्तोत्राचा दाखला.

मामांना हे सांगितलं. त्यांचं बालपण देवळामागच्या वाड्यात गेलं. म्हणाले, "म्हणजे त्यांचा काकडाच की. कार्तिकात पहाटे चारला उठा उठा ऐकलंय मी. झोपलाय म्हणून कोण उठवतंय? आपण उठलोय हे त्याला कळावं म्हणून."

योहानानपेक्षा मामांना जास्त कळलंय असं माझं मत. नोंद करून ठेवते, पाळकसाहेबांना सांगणार नाही.

९ मार्च, रविवार

चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. मोठ्या अभंगाचा साचा घेतला : सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. पहिले तीन चरण एकाने म्हणायचे, चौथा सगळ्यांनी. चार अक्षरांत पालुपद बसवायचं.

दया जागे.

चार चौकटी. चार टिंबं. दया तिथेच आहे, मावशींच्या आईची. फक्त आता ती नुसती असत नाही, जागी असते आणि जागते. तोटा एकच आणि तो मोठा आहे : 'सनातन' गेलं. लेओलाम म्हणजे सदासर्वकाळ, ते चार अक्षरांत मावत नाही. मी स्वतःची समजूत अशी घातली की २६ वेळा म्हटलं की काळ आपोआप येतो. पाळकसाहेब म्हणाले ही पळवाट आहे. आहेच. पण 'जागे' ऐकल्यावर त्यांनी चष्मा पुसला नाही, हेही खरं.

पहिलं कडवं :

परमेश्वराचे
उपकार स्मरा
भला तोचि खरा
दया जागे

१६ मार्च, रविवार

पहिली तालीम. ४ ते ९ सुरळीत : आकाश, पाणी, सूर्य, चंद्र. तांबड्या समुद्राचं कडवं पोरांना आवडलं :

समुद्र दुभंगे
वाट झाली कोरी
लेकरे सामोरी
दया जागे

मग १९ आणि २०. अमोऱ्यांचा राजा सीहोन मारला, दया जागे. बाशानचा राजा ओग मारला, दया जागे. तबलेवाल्या पुतण्याने हात थांबवला. "काकू, ओगवर कुठे जागली?"

सातवीतला मुलगा. मी त्याला ओगचा लोखंडी पलंग सांगितला, बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात त्याची लांबी ९ हात दिलीय. पलंग त्याला आवडला, पण प्रश्न तसाच राहिला आणि त्यालाही ते कळलं. मुक्त झालेल्या गुलामांच्या तोंडून हे ऐकलं तर समजतं. त्यांच्या वाटेत उभे राहिलेले राजे ते. ओगच्या आईच्या तोंडून ऐकलं तर समजत नाही. कडवं गाळावं का यावर अर्धा तास गेला. गाळलं नाही. दुसऱ्याच्या प्रार्थनेतली अवघड ओळ खोडायचा अधिकार मला नाही. मात्र यमकासाठी मी 'ओग पडे रणी, भूमी झाली ऋणी' असं केलं होतं, ते लाजून काढलं. भूमी कसली ऋणी.

३० मार्च, रविवार

दुर्घटना. कोपऱ्यावरच्या दुकानातून ८० प्रती छापून आणल्या. माथ्यावर हेसेद हा शब्द हिब्रू लिपीत टाकला होता. छापताना फॉन्ट बदलला आणि उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं उलटी बसली. हेथ-सामेख-दालेथच्या जागी दालेथ-सामेख-हेथ. कुणालाच कळणार नाही, असं सगळे म्हणाले. ठाण्याच्या काकांना फोटो पाठवला होता, त्यांना कळलं : "ताई, दया पाठमोरी झालीय." माथा कापून टाकला, ८० वेळा, कात्रीने.

५ एप्रिल, शनिवार

पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या १९२२ला गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ला निघाला. मी २६ कडव्यांसाठी तीन महिने घेतले आणि मला वाटतंय मोठं काम केलं.

आज २३वं कडवं पूर्ण झालं. इथे स्तोत्र पहिल्यांदाच 'आम्ही' म्हणतं. आकाश, समुद्र, राजे सगळं मागे टाकून एकदम आमची हीन दशा. क्रियापद तेच, १०५मधलं, करार आठवणारं : आठवण केली. १३६मध्ये करार हा शब्द एकदाही नाही, पण या क्रियापदातून तो आत शिरतो.

पडलो तळाशी
आठवण केली
मान वर झाली
दया जागे

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार (रात्री ११.४०)

झालं. ७० जण असतील. पहिली चार कडवी मीच जास्त म्हणत होते. सहाव्यापासून मागचे बाक उठले. मामांनी लय किंचित वाढवली, न सांगता. ओगला आवाज पातळ झाले, माझाही. पुतण्या वाजवत राहिला, पण माझ्याकडे बघत.

२३ला मावशींनी झांजा खाली ठेवल्या. यजमान जाऊन त्यांना अजून वर्ष झालेलं नाही. "मान वर झाली" मी म्हटलं आणि चौथा चरण त्यांनी एकट्यांनी म्हटला. बाकीचे थांबले की त्यांनी थांबवलं, कळलं नाही. त्यांनी म्हटलेलं मला विधान वाटलं नाही, हाक वाटली. 'दया जागे' नव्हे, 'दये, जाग गं' असं काहीसं. २४ला सगळे परत आले.

काकांचा निरोप : १२ तारखेच्या सेदरला, वल्हांडणाच्या जेवणाला, नातवंडांना 'दया जागे' शिकवलं, हिब्रूनंतर. जोरात म्हणतात म्हणे. भूक लागलेली असणार.

२७ एप्रिल, रविवार

पुढचं काम १४५. मुळाक्षरांचं स्तोत्र, आलेफपासून तावपर्यंत. अक्षरं २२, पण परंपरागत हिब्रू पाठात ओळी २१. नूनची ओळ नाही. तल्मूदात रब्बी योहानान कारण देतात : नूनने 'नाफेला', 'पडली', हा आमोस संदेष्ट्याचा शब्द सुरू होतो, पडली इस्राएलाची कुमारी, म्हणून दावीदाने ते अक्षर टाळलं. आणि लगेच दुसरे रब्बी दाखवतात की पुढचीच सामेखची ओळ म्हणते, पडणाऱ्या सर्वांना परमेश्वर सावरतो.

१९५६ला मृत समुद्राकाठी कुमरानच्या ११व्या गुहेत स्तोत्रांची गुंडाळी सापडली. १९६१ला ती उलगडली. तीत १४५ आहे, प्रत्येक ओळीनंतर पालुपदासकट, आणि त्यात नूनची ओळ आहे. जुन्या ग्रीक भाषांतरातही ती होतीच. ओळ अशी : नेएमान (भरवशाचा) देव आपल्या शब्दांत, आणि हासीद (हेसेद करणारा) आपल्या सर्व कृत्यांत. एमूना आणि हेसेद, दोघं एका ओळीत, आणि गळाली तर नेमकी तीच.

मामा म्हणतात साचा तोच ठेवा, सहा-सहा-सहा-चार. शब्दांत खरा, कृतीत खरा. वहीत 'न'समोर लिहिलं : बोले तैसा चाले. मोजलं, सहा भरली. मग लक्षात आलं की ओळ तुकोबांची, आणि शिवाय ती 'न'ने सुरू व्हायला हवी. खोडली नाही. पेन्सिलीने कंस घातलाय.